घट्ट गाठीची दोरी

फार पूर्वी एका दवाखान्याच्या सर्व्हरमध्ये रुग्णांच्या नोंदींची कोठी होती. रोज पहाटे घड्याळ ठोका देई, कोठीच्या तोंडातून नोंदींची नक्कल चादरीवर पडे आणि दोरी चादर आवळून वळकटी बांधी. कोठी कोसळलीच, तर या वळकट्यांतून ती पुन्हा भरायची होती.

हल्ली मात्र दोरीला चैन नव्हतं. गाठ मारल्यावर तिचं टोक फारच लांब उरे.

“घड्याळदादा, वळकटी अगदीच बारीक होतेय हो. एकदा सोडून बघू का?”

“अगं, बारीक होतेय म्हणजे तुझा हात बसलाय!” घड्याळ म्हणालं. “बांधलेलं सोडत बसलीस, तर उद्याचा ठोका चुकेल.”

दोरी सुखावली, पण तिची तळमळ काही थांबेना. ती दर पहाटे आणखी घट्ट आवळू लागली.

एका दुपारी कोठी कोसळली. जुन्या वळकट्या जागेसाठी कधीच टाकून दिल्या होत्या. उरलेल्या सोडल्या, तर आत नुसत्या चादरी. कोठीचं तोंडच कित्येक दिवसांपासून बुजलं होतं.

“पण माझा एकही ठोका चुकला नाही!” घड्याळ म्हणालं.

सुटी पडलेली दोरी ऐकत होती. बाहेर कुणीतरी विचारत होतं, “आईला कोणतं औषध चालत नाही, ते तुमच्याकडे लिहिलंय ना?”