वडसावळीचे मोडके देव

वडसावळीच्या बारवेभोवती उभे असलेले देव बघून पाहुणे हसतात. खुशाल हसावं. घंगाळाचं पोट, चाळणीचं तोंड आणि पळीचं नाक असलेली ही चाळणीआई. शेजारी बिनबुडाची बादली डोक्यावर घेऊन दात विचकणारा किसणीबुवा. गावाला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

पूर्वी इथे समज होता म्हणे, की मोडकी वस्तू घरात ठेवली तर अवदसा येते, आणि टाकलेल्या वस्तूला जो हात लावेल त्याच्या घरी ती जाते. मग हे शहाणे लोक घरातलं फुटकंतुटकं पहाटे गुपचूप बारवेत टाकून येत आणि दिवसभर त्याच बारवेचं पाणी पीत.

अंबूताई ही देसायांच्या घरातली विधवा. तिची लेक दोन वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली आणि पोराला हगवण लागली. वैद्यांनी सांगितलं, "औषध देतो, पण हेच पाणी पाजत राहिलात तर पोर हाती लागायचं नाही." जवळपास दुसरं पाणी नव्हतं. बारव उपसा म्हणून अंबूताईने गावातल्या पुरुषांना हात जोडले. तिचा सख्खा भाऊ, गावचा कारभारी, म्हणाला, "ताई, लेकीला पोर दुसरं होईल. अवदसा एकदा घरात शिरली की जात नाही."

अंबूताईला त्याची शिसारी आली, सगळ्या गावाचीच आली. फुटक्या चाळणीला भिणारे हे मर्द शेंदूर फासलेल्या कुठल्याही दगडापुढे आडवे पडतात, हे ती जन्मभर बघत आली होती. ती एकटीच बारवेत उतरली. हाताला लागलं ते वर आणलं, घंगाळावर चाळण बांधली, पळी खोचली, वर शेंदूर थापला आणि चावडीपुढे जाऊन ओरडली, "अरे, बारवेतून देवी निघालीय! तिची भावंडं अजून खाली अडकलीयत!"

मग काय विचारता! आधी कोण उतरणार यावरून मारामाऱ्या झाल्या म्हणे. कारभारी सर्वांत पुढे. एकेक तुकडा कपाळाला लावून वर येई, आणि अंबूताई काठावर बसून त्याला दुसरा तुकडा जोडी, तोंडाला येईल ते देवाचं नाव सांगे. गाळासकट बारव उपसली गेली, नितळ पाणी झिरपलं आणि नातू वाचला.

पोर खेळायला लागल्यावर तिने भर पारावर भावाला सुनावलं, "हे तुझ्याच न्हाणीतलं घंगाळ. तूच टाकलंस आणि तूच त्याच्या पाया पडतोस." देवीची निंदा केली म्हणून गावाने तिला वाळीत टाकलं. लेकीबरोबर गाव सोडताना ती वेशीवर थुंकली, असं सांगतात. बाकी काही खोटं असलं तरी एवढं खरं असावं.

आजही चाळणीआई नवसाला पावते. तिला नारळ चालत नाही. घरातलं मोडकं भांडं वाजतगाजत आणायचं आणि बारवेत सोडायचं. गावाला प्यायचं पाणी टँकरने येतं.