व्हीआयमध्ये अडकलेली कविता

"भिवा! अरे भिवा, मला बाहेर काढ!"

सर्जेरावमहाराजांची आरोळी ऐकून टेंभूरगडचा सगळा राजवाडा धावला. बघतात तो महाराज आसनावर धडधाकट बसलेले! अडकली होती ती त्यांची कविता. राणीसाहेबांच्या वाढदिवसाला आज दिवेलागणीला म्हणून दाखवायची, म्हणून महाराजांनी ती नव्या संगणकावर, व्हीआय नावाच्या लिहिण्याच्या साधनात लिहिली होती. लिहिताना मोठी मजा आली. पण लिहिलेलं जपून ठेवून बाहेर कसं पडायचं? महाराजांनी 'बस' लिहिलं, ते कवितेत गेलं. 'पुरे' लिहिलं, तेही गेलं. 'अरे सोड की मेल्या' लिहिलं, ते थेट राणीसाहेबांच्या डोळ्यांच्या वर्णनाखाली जाऊन बसलं!

भिवा हा राजवाड्यातली यंत्रं सांभाळणारा साधा माणूस. धूळ पुसायची, तारा जोडायच्या, एवढंच त्याचं काम. हात जोडून म्हणाला, "सरकार, बटण बंद करून बघू का?"

"खबरदार! एक अक्षर जरी पुसलं गेलं तर याद राख!"

मग लिनक्स मंडळाला बोलावणं गेलं. लिनक्स म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी मिळून घडवलेली, कुणीही फुकट घ्यावी अशी संगणकाची व्यवस्था. महाराजांच्या संगणकावर तीच होती. तिचे प्रकार मात्र नाना. घराघराचा गोडा मसाला वेगळा, आणि जो तो म्हणणार आमचाच खरा, तशातली गत! मंडळात तिघे जण होते: उबुंटूशास्त्री, डेबियनबुवा आणि आर्चपंत. ज्याचा जो प्रकार लाडका, तेच त्याचं नाव पडलेलं.

"यातून बाहेर कसं पडायचं?" महाराजांनी विचारलं.

"आधी मॅन्युअल वाचा, महाराज," शास्त्री म्हणाले.

"प्रश्न नीट मांडा," बुवा म्हणाले. "आवृत्ती कुठली? आधी काय काय करून पाहिलंत?"

"मी आर्च वापरतो," पंत म्हणाले. त्यांना हे कुणीही विचारलं नव्हतं.

आणि लिहायला कुठलं साधन चांगलं यावरून तिघांची तिथेच जुंपली. महाराज लालबुंद झाले.

"पुरे! आजपासून या तिघांना कुणी प्रश्न विचारायचा नाही. विनंतीही करायची नाही, हुकूमही द्यायचा नाही! आणि भिवा, दिवस मावळायच्या आत कविता सुखरूप बाहेर आली पाहिजे. नाही तर गाठोडं बांध आणि राज्याबाहेर चालू लाग!"

"पण सरकार, ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच विचारायचं नाही, तर मग…"

"ते तुझं तू बघ!"

भिवा घरी आला तो मटकन खालीच बसला. त्याची मुलगी हौसा खानावळ चालवायची. बापाची हकिकत ऐकून तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. या वयात म्हाताऱ्यानं जायचं कुठं? राजाला काही काळीज आहे की नाही?

"बाबा, ते तिघं काय म्हणाले, ते पुन्हा एकदा नीट सांगा बरं."

भिवानं सांगितलं. हौसाला खुदकन हसूच आलं. ते तिघे रोज तिच्याच पंगतीला जेवत.

"उठा! तोंड धुवा आणि चला माझ्यासोबत. तुम्ही यंत्रापुढं बसायचं आणि कानावर पडेल तसं बोट चालवायचं. बाकी मी बघते."

दोघं राजवाड्यात पोचली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि तिघांचं भांडण अजून रंगातच होतं. हौसानं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पदर खोचून संगणकाच्या पडद्यापुढे उभी राहिली आणि खड्या आवाजात म्हणाली, "बाबा, उगाच जीव काढू नका. या व्हीआयला बाहेर पडायची वाटच नाही! बनवणारे विसरले. तार उपटा, हे लिनक्स पुसून टाका आणि बाजारातून एखादं विकतचं आणा."

भांडण थांबलं. शास्त्रींचा चष्मा नाकावरून घसरला.

"वाट नाही? कोण म्हणतं वाट नाही? एस्केप दाब, एस्केप!"

भिवानं दाबलं.

"थांब, ती भलती ओळ तशीच ठेवणार की काय?" बुवा पुढे घुसले. "तिच्यावर जा आणि डी दोनदा दाब!"

भिवानं दाबलं, आणि राणीसाहेबांच्या डोळ्यांखालचा 'मेल्या' गेला. मागोमाग 'बस' गेलं, 'पुरे' गेलं.

"आता कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर!" शास्त्री गरजले. "लिहून ठेव आणि बाहेर पड, एवढं साधं आहे!"

"कशाला एवढं? कोलन आणि एक्स पुरतं!" बुवा ओरडले.

"शिफ्ट धरून दोनदा झेड!" पंत किंचाळले. "मी आर्चवर रोज तेच करतो!"

तिघांची पुन्हा जुंपली. तोवर भिवानं शास्त्रींचं ऐकून एंटर दाबलाही होता. कविता जपली गेली, पडदा मोकळा झाला!

महाराजांना हायसं वाटलं, पण हट्टी माणूस तो! मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पोरी, माझा हुकूम मोडलास तू. यांना विचारायचं नाही, असं बजावलं होतं!"

"मी कुठं विचारलं, सरकार?" हौसा म्हणाली. "मी तर नुसती चुकले! रोज वाढते ना यांना. काही विचारलं तर म्हणतात, स्वतः वाच. पण 'लिनक्सवर मराठी लिहिता येत नाही म्हणे' एवढं पुटपुटले, तर भाकरी गार होईस्तोवर शिकवत बसतात. चुकू नको, असा हुकूम सरकारांनी दिलाच नव्हता!"

महाराज असे खदखदून हसले की पगडी मांडीवर आली!

"भिवा, तू कुठंही जायचं नाहीस! तुला शेला आणि सोन्याचं कडं. आणि ही हौसा आजपासून आमची दरबारी चुकणारी! मान दिवाणाचा, पगारही दिवाणाचा!"

मग मिशीतल्या मिशीत हसत महाराजांनी तिघांकडे पाठ केली आणि हौसाला मोठ्यानं म्हणाले, "बाकी काही म्हण, या यंत्रातून कविता कागदावर छापता मात्र येत नाही हं!"

"कोण म्हणतं?" तिघे एकदम ओरडले आणि धावत आले.