खाडीत ढकललेली माती

फार पूर्वी सागरमुख नावाच्या पट्टणात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व भट्ट्या बांधणाऱ्यांच्या कुळात जन्माला आले होते. तिथल्या बंदरावर तांबे गाळण्याच्या बारा भट्ट्या होत्या, राजाच्या आजोबांच्या काळातल्या. भिंतींना तडे गेले होते आणि धूर वर जाण्याऐवजी कामगारांच्या छातीत जात होता. त्या पाडून नव्या बांधायच्या असे राजाने ठरवले, आणि ते ठीकच होते.

या कुळाची एक रीत होती. ज्याने भट्टी बांधली त्याने पहिले वर्ष तिच्या धुराच्या वाटेवर झोपडी घालून राहायचे, तिथलेच पाणी प्यायचे, तिथलेच अन्न खायचे. वर्ष पुरे झाले की मानाचे कडे मिळे. आपल्याच धुरात राहायचे म्हटल्यावर माणूस विटा नीट रचतो.

सुनेत्र हा बोधिसत्त्वांचा पट्टशिष्य. बारा वर्षे त्याने गुरूच्या हाताखाली काढली होती आणि गुरू कधी थकतात याची तो मनातल्या मनात वाट पाहत होता. राजाने बोधिसत्त्वांना बोलावले तेव्हा तो मागेच उभा होता.

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, भट्ट्या पाडणे हे अर्धेच काम. त्यांच्याखालची माती साठ वर्षे धातूचा मळ प्यायली आहे. ती आधी उचलून डोंगरातल्या कोरड्या खाणीत पुरली पाहिजे, मग त्याच जागी नव्या भट्ट्या. दोन वर्षे लागतील."

"पावसाळा सरला की परदेशी गलबते येतील," राजा म्हणाला. "मला आठ महिन्यांत हव्यात."

राजाला घाई, आणि सुनेत्राला राजाच्या घाईची घाई. तो पुढे झाला. "आठ महिने पुष्कळ झाले, महाराज. जुन्या विटा आणि माती शेजारच्या खाडीत ढकलू. खाऱ्या चिखलातल्या तिवरांच्या झाडीच्या जागी कोरडी जमीन होईल, तिच्यावरच नव्या भट्ट्या उभ्या करू." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण राजाला एका दगडात दोन पक्षी दिसले. गुरूची विद्या गुरूलाच फळली, असे म्हणून दरबारी हसले.

खाडीकाठच्या वस्तीत सामा नावाची बाई चिखलातून शिंपल्या काढून घर चालवी. ती दरबारात आली. "महाराज, तिवरात मासळी अंडी घालते. तिवर गेलं की मासळी गेली. अन् ही माती पाण्यात उतरली तर उरलंसुरलं आम्ही खायचं कसं?" राजाने तिला दोन लुगडी देऊन वाटेला लावले.

"निदान रीत तरी राहू द्या," बोधिसत्त्व म्हणाले. "सुनेत्राने वर्षभर त्या वस्तीत राहावे."

ती माती काय आहे हे सुनेत्राला गुरूइतकेच ठाऊक होते. तो म्हणाला, "नवी धुरांडी ताडाहून उंच आहेत. धूर खाली येणारच नाही, मग खाली राहायचे कशाला?" राजाला हे पटले आणि रीत मोडली. रीतीत पाण्याचाही उल्लेख होता, हे कोणी बोलले नाही.

राजाने बोधिसत्त्वांना देखरेखीचे पद देऊ केले. ते त्यांनी घेतले नाही. "बांधणार माझा शिष्य असला तरी विद्या माझी आहे," ते म्हणाले. "त्याच्या वाट्याचे वर्ष मी राहीन."

भट्ट्या वेळेत उभ्या राहिल्या. धूर उंचावरून निघून गेला आणि नगराने सुनेत्राला डोक्यावर घेतले. खाडीत आधी खेकडे मेले, मग शिंपल्यांना धातूची चव आली. हे खाऊ नका, असे बोधिसत्त्व घरोघर सांगत फिरले. स्वतःचे तांदूळ होते तोवर त्यांनी वाटले, आणि संपल्यावर वस्तीने खाल्ले तेच खाल्ले. राजाला त्यांनी तीनदा निरोप धाडला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

वर्ष पुरे झाले. रीत मोडली तरी राजाने मानाचे कडे सुनेत्रालाच दिले होते; ते गुरूच्याच हातून चढवून घ्यायचे असते, म्हणून तो वस्तीत आला. निम्मी घरे रिकामी होती. सामा आपले बिऱ्हाड होडीत भरत होती. बोधिसत्त्वांनी कडे हाती घेतले, पण हात इतके थरथरत होते की ते शिष्याच्या मनगटापर्यंत पोचेना. शेवटी सुनेत्राने ते स्वतःच चढवले. गुरुजी, माझे चुकले, एवढेच त्याला म्हणायचे होते. तो म्हणाला, "ऊन फार आहे. आत बसा."

"आता या राहायला," सामा होडीतून म्हणाली. "घरं मोकळीच आहेत."

त्याच महिन्यात बोधिसत्त्वांनी देह ठेवला. सुनेत्र पुढे तीस वर्षे राजाचा मुख्य भट्टीकार म्हणून मिरवला.

भिक्षुसंघाला ही कथा सांगून भगवान शास्त्यांनी तेव्हाच्या आणि आताच्या जन्मांचा मेळ घातला. "तेव्हाचा भद्रसेन म्हणजे आपल्याला विहार बांधून द्यायला देवराई तोडू पाहणारा हा श्रेष्ठी धनंजय. सामा म्हणजे त्याला आडवी गेलेली ही भिक्षुणी. सुनेत्र म्हणजे मागे मान खाली घालून बसलेला भिक्षू वप्पिल. आणि तो वृद्ध भट्टीकार मीच होतो. दुसऱ्याने केलेल्या विषात आपण जाऊन राहणे, ही मैत्री पारमिता, करुणेची परिपूर्णता."

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि ती खाडी आज कोण आहे?"



"माणसे पुन्हा जन्मली," शास्ते म्हणाले. "खाडी नाही."