शेवटची पाळी

कालिंदीला माहेरी जाऊन चार दिवाळ्या उलटल्या होत्या. भाऊ दरवर्षी पाट मांडून वाट पाहायचा. भाऊबीज परवावर आली, तसा तिने धीर करून सासऱ्यांना माहेरी जायचं विचारलं. सासरे रावसाहेब थोरल्या दिरांबरोबर चिंचोके लावून तीनपत्ती खेळत होते.

"एक डाव मला हरव आणि खुशाल जा!" ते मिशीतल्या मिशीत हसले.

कालिंदी पदर सावरून खाली बसली. "मामंजी, या घरात सून सगळ्यांच्या मागून जेवते, मागून बोलते. माझी पाळीही शेवटीच असू द्या."

"याला म्हणतात वळण!"

कालिंदीलाही चिंचोक्यांचा ढीग मिळाला आणि पानं वाटली. दिरांनी पानं टाकून दिली. एरवी मूठभर चिंचोके आपटणाऱ्या रावसाहेबांनी आज पानं दोनदा पाहिली आणि एकच चिंचोका सरकवला. कालिंदीने आपला सगळा ढीग पुढे लोटला. रावसाहेब घुटमळले आणि त्यांनी डाव सोडला.

तिने पानं उलटली. दुर्री, पंजी, सत्ती. साधी जोडसुद्धा नव्हती.

"या पानांवर एवढी हिंमत?"

"पानांवर नाही, मामंजी, जागेवर. चार वर्षं शेवटी बसतेय. तोवर सगळ्यांच्या मनातलं कळून चुकतं."

"गाडी जुंपा रे!" रावसाहेबांनी कपाळाला हात लावला. "आणि परत आली की हिला पहिल्या पंगतीला बसवा!"

कालिंदीला फक्त गाडीचं ऐकू आलं.