गोजराआईचं मडकं

फार वर्षांपूर्वी, निंबझरीला तळं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. मागे डोंगर, पुढे उतार, आणि पावसाचं पाणी डोळ्यांदेखत वाहून जायचं. मग मुलखाच्या सरदारानं हुकूम दिला, गावानं तीन वर्षं माती वाहिली, आणि ओढ्यावर वीस हात उंच बांध उभा राहिला. मुकादम होता सुभानजी. माणूस कष्टाचा, पण डोकं तापट. त्याचं घर बांधाखालच्या आळीत, अगदी पहिलं. घरात बायको ठकू आणि पाळण्यातली लेक.

ठकूची आई म्हणजे गोजरा कुंभारीण. बांधाच्या पोटात घातलेली चिकण माती हिच्याच खाणीतली. तळं भरलं तेव्हा सगळं गाव वर जाऊन पाणी बघत बसलं आणि ही बाई एकटी खाली गेली. पायथ्याशी दगडांच्या फटीतून करंगळीएवढी धार येत होती. तिनं धारेखाली मडकं ठेवलं आणि जात्यावरच्या ओव्या म्हणायला लागली. चाळीस ओव्या झाल्या तेव्हा मडकं भरलं. तिनं चाळीस खडे ओळीनं मांडले आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

म्हातारीला वेड लागलं, असं लोक म्हणाले. हसू नका, तुम्ही असतात तर तुम्हीही हेच म्हणाला असतात!

श्रावणात खड्यांची ओळ तिसावर आली आणि भादव्यात अठरावर. भरलेलं मडकं ती निवळू द्यायची, वरचं पाणी ओतायची आणि तळाला बोट टेकायची. आधी तळ स्वच्छ असायचा. मग नखभर गाळ आला, मग पेरभर. तिनं तो चिमटीत चोळून पाहिला. ती तिच्याच खाणीतली माती होती. बांध आतून धुपत होता.

ती तशीच जावयाकडे गेली. "जावईबापू, पाणी सोडून द्या. ते खडे एकदा येऊन बघा."

"मामी, वीस हात ठरला होता, वीस हात भरला. परवा सरदार मोजायला येतायत. त्यांना काय खडे दाखवू?"

"उंची तुम्ही मोजलीत. गळती कोण मोजणार?"

सुभानजीनं तोंड फिरवलं. मग ती लेकीकडे वळली. "तू तरी पोरीला घेऊन वर चल गं."

"आये, बांध यांनीच घातलाय," ठकू म्हणाली. "मीच घर सोडलं तर लोक यांच्या तोंडावर थुंकतील." गोजरा रडली, पाया पडायला गेली, पण ठकू हलली नाही.

सरदार यायच्या दिवशी सकाळीच सुभानजीनं एक घोडचूक केली. पाहुण्यांपुढे धार नको, म्हणून त्यानं फटीत माती ठोकून ती बुजवली. सरदारानं काठी लावून उंची मोजली, शाबास म्हणाला आणि सुभानजीच्या खांद्यावर शेला घातला. गावात गूळ वाटला. सुभानजी त्याला पोचवायला शिवेपर्यंत गेला.

इकडे मडकं कोरडं. "आजे, गळती थांबली की गं!" लोक म्हणाले.

"अरे मुडद्यांनो, धार थांबली म्हणजे पाणी थांबलं का? त्यानं दुसरी वाट धरलीय!" ती दारोदार ओरडत फिरली. खालच्या आळीतल्या बायकांनी धुण्याला जाता-येता ती ओळ आखडताना पाहिली होती. त्यांनी पोरं उचलली आणि टेकाड धरलं. ठकूनं मात्र आतून कडी घातली.

तेव्हा गोजरा भर दुपारी बांधाच्या पायथ्याशी जाऊन बसली आणि तिनं खड्या आवाजात ओवी धरली. असं म्हणतात, बांधाला भेग गेली होती, पण ओवी चालू होती तोवर पाणी जागच्या जागी उभं राहिलं. तिनं पंधरा म्हटल्या, अठरा म्हटल्या.

"विसावी माझी ओवी, बाई उघड गं दार,
उशाला आलं पाणी, लेक घेऊन चढ वर."

ठकूनं कडी काढली. ती बाहेर आली, तिनं लेक शेजारणीच्या हातात दिली. पण स्वतः वर चढायचं सोडून ती आईकडे धावली. "आये! ऊठ, चल!"

लेकीची हाक ऐकून गोजरानं वळून पाहिलं आणि तिच्या तोंडातली ओवी थांबली. असं म्हणतात, बांध त्याच वेळी गेला.

सुभानजी परतला तो खांद्यावर शेला घेऊन. शेजारणीनं पोर त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं शेला ओढ्यात फेकला आणि गुरासारखा हंबरला. पुढं दुसरा बांध झाला तेव्हा पहिलं मडकं त्यानंच ठेवलं. मुकादम माणूस, पण मरेपर्यंत रोज बायकांच्या ओव्या म्हणत खडे मांडत राहिला. त्याला कुणी हसलं नाही.

निंबझरीत अजून खालच्या आळीतली एक बाई रोज सकाळी गोजराआईचं मडकं ठेवते. मोठे साहेब टेप घेऊन बांध मोजायला आले, तर गाव त्यांना आधी मडक्याच्या तळाला बोट लावायला सांगतं. ओळ आखडली की कुणाला न विचारता पाणी सोडतात. आणि मडकं एकाएकी कोरडं राहिलं, तर गूळ वाटत नाहीत, पोरं उचलून टेकाड चढतात.

आणि ओवी चालू असताना त्या बाईला कुणी हाक मारत नाही. तिच्या पोटची लेकसुद्धा नाही.