राजाचा सोवळा मुकटा

चिंचगडच्या अमृतराजांना गजकर्ण झालं, आणि तेही नेमकं कमरेखाली! भर दरबारात खाजवता येईना आणि खाजवल्यावाचून राहवेना. शेवटी राजांनी लाज सोडली. मग दरबारी कशाला मागे राहतात? राजे खाजवू लागले की तेही अदबीने खाजवायचे!

वैद्यबुवांचं मलम लावलं की खाज थांबायची. ती थांबली की राजे डबी भिरकावून द्यायचे. की पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

एके दिवशी राजांचं डोकं फिरलं. "हा त्या परटाचा प्रताप! धोतरं नीट धूत नाही लेकाचा!" झालं, नागोजी परीट तुरुंगात! त्याची बायको ठकू तरातरा दरबारात आली. बाई अशी फटकळ, की नदीवर तिच्या शेजारच्या दगडावर धुणं आपटायला लोक बिचकत.

"महाराज, माझ्या नवऱ्याला सोडा!"

"सोडतो की!" राजे मांडी खाजवत म्हणाले. "माझं गजकर्ण असं धुऊन काढ, की परत येता कामा नये. पण माझ्या अंगाला हात लावायचा नाही! जमलं नाही, तर गाढवं हाकत दोघांनी राज्याबाहेर चालतं व्हायचं."

"तुमच्या त्या जागेला हात लावायची हौस कुणाला आहे?" ठकू म्हणाली. दरबार गार! "खाज उठते कधी, ते सांगा."

"जेवून उठलो की. हमखास!"

"आणि जेवताना नेसता काय?"

"राज्याभिषेकाचा रेशमी मुकटा. पूजेला आणि जेवायला रोज तोच."

"तो तर कधी आमच्याकडे धुवायला आला नाही!"

"शिव शिव!" प्रधान दिनकरपंत ओरडले. "रेशमाला विटाळ नसतो, बाई! तो मुकटा सदा सोवळा. राज्याभिषेकापासून त्याला पाणी लागलेलं नाही!"

"एवढा सोवळा?" ठकू गोड हसली. "मग महाराज, आज तो पंतांनाच नेसवा!"

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. "म... मला? नको, नको! त्यात ते महाराजांचं..."

"काय ते?" राजे गरजले.

"गजकर्ण, महाराज!"

"ऐकलंत?" ठकूने टाळी वाजवली. "मलम पुढच्या दाराने हाकलतं आणि मुकटा मागच्या दाराने घरात घेतो! आणा तो इकडे. कढत पाण्यात घालते."

"रेशमाचं वाटोळं होईल!" पंत कळवळले.

"रेशीम नवं विणता येईल. राजाचं कातडं कुठल्या मागावर विणणार?"

मुकटा धुतला गेला, कडक उन्हात वाळला. राजांनाही ठकूने बजावलं, "न्हाल्यावर अंग खडखडीत कोरडं करायचं. रोज धुतलेलं, वाळलेलंच नेसायचं. तुमचा पंचा दुसऱ्याला द्यायचा नाही. आणि वैद्यबुवा 'पुरे' म्हणेपर्यंत मलम सोडायचं नाही!"

"खाज थांबली तरी?"

"चोर गप्प बसला म्हणजे घरातून गेला, असं होतं का?"

राजे कुरकुरले, पण ऐकलं. अख्खा दमट पावसाळा सरला, तरी राजांचा हात कमरेकडे गेला नाही. पंचाईत झाली दरबाऱ्यांची, त्यांना आता सवय लागली होती!

नागोजी सुटला. त्याला बघताच फटकळ ठकूचे डोळे भरून आले. "किती वाळलात हो! तुमच्यावाचून घर खायला उठायचं मला."

राजांनाही भरून आलं. त्यांनी अंगावरचा भरजरी शेला काढून पुढे केला. "घे, ठकूबाई! खुद्द राजाच्या अंगावरचा शेला! असा मान आजवर कुणाला मिळाला नाही!"

ठकू झटकन मागे सरकली.

"मान डोक्यावर, महाराज! पण शेला आधी धुते, मग पांघरते!"

राजे पोट धरून हसले. हसता हसताच त्यांनी नदीकाठचं भर उन्हाचं पटांगण कपडे वाळवायला ठकू-नागोजीला कायमचं देऊन टाकलं. आणि त्या पटांगणात पहिलं वाळत पडलं, ते दिनकरपंतांचं सदा सोवळं रेशीम!