सीटखालचा डग्गा

वत्सलाबाईंना जवळजवळ ऐकू येईनासं झालं, तेव्हा प्राध्यापक दिगंबररावांनी गाडीच्या मूळ स्पीकरांच्या जोडीला पत्नीच्या सीटखाली खर्जाचा घुमारा देणारा सबवूफर बसवून घेतला. आपण वेडेपणा तर केला नाही ना, ही धास्ती मात्र त्यांना होतीच.

तबल्याच्या स्पर्धेला निघताना संगीत मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब मागे बसले. गाडीत तबला लागला होता. "वा!" म्हणत त्यांनी जोरात मान डोलावली आणि वत्सलाबाईंच्या कानाशी ओरडले, "वहिनी, आता परीक्षकपद सोडा! बहिऱ्या माणसाला तबला काय कळणार?"

दिगंबररावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

वत्सलाबाई शांतपणे म्हणाल्या, "डग्गा मला सीटमधून अंगात कळतो, भाऊसाहेब. आत्ता आरशात तुमची मान डोलताना दिसली, तेव्हा दाद द्यायची सम यायला अजून दोन मात्रा होत्या. तुम्हाला तर ऐकू येतं ना?"